साडेसात इंचांची टेप

आमच्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझ्या कानांमुळे, असं ते शेवटपर्यंत समजत होते.

मी तेव्हा विमा कचेरीत नुकताच चिकटलेला कारकून. स्वारगेटच्या मागे, मुकुंदनगरकडे जाताना लागणाऱ्या एका गल्लीत त्यांचं घर होतं. खाली एका डॉक्टरांचा दवाखाना, पहिल्या मजल्यावर हे दोघं नवराबायको आणि वर गच्चीत एक खोली. ती खोली मला हवी होती. पुण्यातला विक्षिप्त माणूस म्हटलं की लोक आधी दारावरची पाटी शोधतात. यांच्या दारावर पाटीच काय, साधं नावसुद्धा नव्हतं. "ज्याला यायचंय त्याला माहीत असतं. ज्याला माहीत नाही, त्यानं कशाला यायचं?" असा त्यांचा सवाल.

गेलो तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, मांसाहार करतोस का हेही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "शनिवारी दुपारी मोकळा आहेस? मग ये. तुझे कान बघू."

शनिवारच का, ते नंतर कळलं. शनिवारी मार्केट यार्डाला सुट्टी. एरवी कांद्याबटाट्याचे ट्रक त्या बाजूनं दिवसभर धडधडत जायचे, शनिवारी ती धडधड बरीच कमी. घरमालक, म्हणजे आमचे काका, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. लोकांच्या बोलण्यातली खरखर काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि आता आठवड्यातली एक दुपार ते स्वतःच्या ऐकण्यातली खरखर काढत असत. खिडक्या बंद, पंखा बंद, फ्रीज बंद. काकू म्हणायच्या, "शनिवारी आमच्याकडे दूध नासतं, पण सूर नासत नाही हो."

बाहेरच्या खोलीत त्यांचा टेपरेकॉर्डर होता. कॅसेटचा नव्हे, जेवणाच्या ताटलीएवढी दोन चाकं ज्यावर फिरतात आणि एका चाकावरची टेप दुसऱ्यावर गुंडाळली जाते, तसला. काकूंचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. परदेशात अशा टेपा गाणं भरूनच विकायला यायच्या, रेकॉर्डसारख्या, चित्राच्या खोक्यात. त्यानं बंदराबंदरांतून त्या आणल्या होत्या. बहुतेक साहेबी संगीत, पण एक टेप आपल्याकडच्या सरोदिया बुवांची होती. बुवांची मैफल परदेशात झाली, तिथेच ती टेपवर निघाली. ही टेप म्हणजे काकांचा जीव की प्राण.

गंमत अशी की त्याच मैफलीची आणखी एक टेप त्यांच्याकडे होती. मेव्हण्यानं आणलेली होती साडेसात इंचांची, म्हणजे सेकंदाला साडेसात इंच टेप मशीनमधून सरकणार. पुढे कंपनीनं काटकसर करायची ठरवली आणि तीच मैफल पावणेचार इंचांवर काढली. टेप निम्मी लागली. ही दुसरी टेप काकांना जुन्या बाजारात पंख्याच्या मोडक्या पात्यांखाली सापडली. ती त्यांनी का घेतली, तर म्हणे, "असली चीज बाहेर फिरत राहण्यापेक्षा माझ्या नजरेखाली असलेली बरी."

"पण वेग निम्मा केल्यावर गाणं हळू नाही होत?" मी विचारलं. हा प्रश्न सगळेच विचारत असावेत, कारण उत्तराची सामग्री टेबलावर तयारच होती. त्यांनी चार कोरे कागद माझ्यापुढे सरकवले आणि शेजारी एक पोस्टकार्ड ठेवलं.

"टेप भरतानाच हळू भरतात, त्यामुळे गाणं तेवढंच राहतं. जागा मात्र निम्मी. आता आईला पत्र लिहायचंय तुला, चार पानी. ते या कागदांवर लिही, नाहीतर सगळं पोस्टकार्डावर कोंब. मजकूर तोच. पण पोस्टकार्डावरचं तुझं अक्षर आई ओळखेल का?"

मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुरुवातीला बुवा एक श्वास घेतात. साडेसातवर तो ऐकू येतो. पावणेचारवर तो माणूस श्वासच घेत नाही. आणि करवंटीची ती नखी तारेला लागते ना, तिचा एक बारीक टिच् असतो. तो बोथट होतो. ऐक आता."

आणि परीक्षा सुरू झाली. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मशीन पाठीमागे. एकदा ही टेप, एकदा ती; कुठली कुठली ते मी सांगायचं. मी जीव कानांत आणून ऐकलं. खरं सांगतो, मला काडीचा फरक कळला नाही. दोन्ही वेळा कुणीतरी सरोद वाजवत होतं, इतकंच. खोली हातची गेली म्हणून मी मान जराशी वळवली तर बाजूला स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांना मशीन दिसत होतं. माझ्याकडे रोखून बघत त्यांनी पदराला हात पुसले. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "साडेसात." पुढच्या वेळी त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "पावणेचार." असं सहा वेळा झालं. सहाही वेळा मी बरोबर.

काका उठून माझ्यासमोर आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तेहेतीस वर्षं टेलिफोनात काढली, असे कान बघितले नाहीत," म्हणाले. नंतर जिन्यात काकूंनी मला गाठलं. "आधीचे दोघं नापास झाले हो. गच्ची वर्षभर रिकामी आहे, वर कुणी माणूस नाही. तू राहा बाबा." मला खोली मिळाली, काकूंना सोबत मिळाली आणि काकांना एक कानसेन मिळाला. कुणाचं काही बिघडलं असं त्या दिवशी वाटलं नाही.

त्यानंतर साडेसात आणि पावणेचार हे त्या घरातले दोन वर्णच होते. जगातला प्रत्येक माणूस नि प्रत्येक वस्तू दोहोंपैकी एकात बसायची. काकूंचं थालीपीठ साडेसात; घाईत केलेले पोहे पावणेचार. महापालिकेनं केलेला कुठलाही रस्ता पावणेचार. माझ्या लग्नात गुरुजींनी मंगलाष्टकं भराभरा उरकायला सुरुवात केली तेव्हा हातातल्या अक्षता तशाच ठेवून काका मोठ्यानं म्हणाले, "पावणेचार!" ते मुहूर्त चुकल्याचं सांगतायत असं वाटून माझ्या सासरेबुवांनी दचकून घड्याळ पाहिलं.

मी एकदा म्हणालो, "काका, जोरात फिरणारी टेप चांगली म्हणता, आणि स्वतः मात्र बस सुटली तरी धावत नाही."

"वेग जास्त म्हणजे घाई नव्हे," ते म्हणाले. "वेग जास्त म्हणजे सढळ हात. घाई तर पावणेचारवाल्यांना असते, लवकर आटपायची."

सहा वर्षं मी त्या खोलीत काढली. मग खडकवासल्याच्या वाटेवर, धायरीला घर घेतलं. काका म्हणाले, "धरणाच्या शेजारी राहून टँकरचं पाणी प्यायचा मान पुण्यात फार थोड्यांना मिळतो." पण शनिवार मी सोडला नाही. बायको हसायची, म्हणायची, तुम्हाला घरी कधी शीळ घालताना ऐकलं नाही, नि चाललात सरोद ऐकायला. मी का जायचो? काकांना आवडायचं म्हणून, काकू काहीतरी खायला करायच्या म्हणून, आणि त्या बंद खोलीत तासभर कुणी कुणाशी बोलायचं नाही हे मला बरं वाटायचं म्हणून. वर्षातून एकदोनदा परीक्षा व्हायची. काकू दारात यायच्या. मी पास व्हायचो. कुणी शौकीन घरी आला आणि वाद निघाला की काका म्हणत, "थांबा, शनिवारी आमचे कान येतात, त्यांना विचारू." आमचे कान म्हणजे मी. एवढ्या वर्षांत खरं सांगायला हजार वेळा तोंड उघडता आलं असतं. आधी खोली जाईल म्हणून बोललो नाही, नंतर त्यांना वाईट वाटेल म्हणून, आणि मग सवयच झाली.

एका पावसाळ्यानंतर ती टेप आजारी पडली. लावल्याबरोबर तिनं एक बारीक किंकाळी फोडली. काकांनी झटकन मशीन बंद केलं. टेप जिथून सरकते तिथे तपकिरी भुकटी साचली होती. त्यांनी ती बोटावर घेऊन वास घेतला, एखाद्या वैद्यानं घ्यावा तसा. "गाणं याच भुकटीत असतं," म्हणाले. "ही निघायला लागली म्हणजे संपलं. आता ही एकदाच वाजेल. वाजता वाजता जाईल." टेप खोक्यात गेली आणि कपाटात राहिली. कितीतरी वर्षं त्यांनी ती लावली नाही. शनिवारी बाकीच्या टेपा वाजायच्या आणि मधेच ते कपाटाकडे बघायचे. पुढे मशीनही गेलं. त्यातला रबरी पट्टा वितळून काकवीसारखा झाला, तसला पट्टा आता मिळेना. घरात शनिवार दुपार नुसतीच शांत व्हायला लागली.

तेव्हा मीच म्हणालो की आजकाल जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून मिळतात. टिळक रोडला एकाचा स्टुडिओ आहे, मशीन त्याच्याकडे आहे. एकदा उतरवली की कितीही वेळा ऐका. काकांनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "चालेल. पण वाजवायची साडेसातवर. आणि वाजेल तेव्हा मी तिथं बसणार. शेवटची वाजायचीय ती. आधी तू नुसती दाखवून आण, त्याला झेपतंय का बघ. लावायची नाही."

"नाही लावत," मी म्हणालो.

स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकांचे गुडघे दोन्ही गेलेले. मी जिना चढतानाच विचार करत होतो की त्यांना वर आणायचं कसं, खुर्चीत बसवून दोन माणसं लावायची की काय. स्टुडिओवाला चांगला माणूस होता. त्यानं टेप उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "आत्ता मोकळा आहे, लगेच घेतो. उद्यापासून लग्नांची कामं, मग महिनाभर हात लावता येणार नाही. आणि ही रोज झिजतीय साहेब, महिन्यानं राहील याची गॅरंटी नाही."

"साडेसातवरच घ्यायला लागेल," मी म्हणालो.

"डबल स्पीडला घेतो, कॉम्प्युटरवर निम्मं करतो. अर्ध्या वेळात काम. कुणाच्या बापाला कळणार नाही."

फोन माझ्या खिशात होता. रिक्षा करून काका अर्ध्या तासात खाली येऊ शकले असते. वर कसं आणायचं तेवढंच. मी फोन हातात घेतला, पुन्हा ठेवला. मला दुपारी कचेरीत परत जायचं होतं. मनात म्हटलं, गाणं मिळाल्याशी मतलब. घरी आरामात ऐकतील, गुडघे वाचतील. दुसऱ्याच्या वतीनं असं ठरवून टाकणं किती सोपं असतं. मी "घ्या" म्हणालो आणि खाली चहा प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा काम झालं होतं. खोक्याच्या तळाशी तपकिरी भुकटी साचलेली आणि टेप जागोजागी आरपार दिसत होती. स्टुडिओवाल्यानं हातात पेनड्राइव्ह दिला. "ऐकलंत का?" मी विचारलं. तो हसला. "दुप्पट स्पीडला नुसता चिवचिवाट येतो, डोकं उठतं. आवाज बंदच ठेवतो आम्ही."

म्हणजे काकांची टेप शेवटची वाजली तेव्हा ती ऐकायला त्या खोलीत कुणीसुद्धा नव्हतं.

रात्रीपर्यंत धीर धरवला नाही, कचेरीतच कानात हेडफोनची बोंडं घालून मी ते ऐकलं. सरोद शेजारच्या बिऱ्हाडात कुणी गोधडीखाली वाजवत असावं, तसं येत होतं. मी सुरुवात पुन्हा लावली. पुन्हा लावली. बुवांचा श्वास नव्हता. नखीचा टिच् नव्हता. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ते शोधतोय, म्हणजे मला ते माहीत होतं. इतक्या शनिवारांत केव्हातरी माझे कान तयार झाले होते आणि मला पत्ताच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला फरक ऐकू आला तो त्या दिवशी. मी स्टुडिओवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सुरुवातीलाच हेडला, म्हणजे टेप जिथे घासून वाजते तिथे, भुकटी चिकटली असणार, थांबून पुसायला हवं होतं, पण आवाज बंद असल्यानं कळलं नाही. "जुना माल आहे साहेब, एवढं चालायचंच."

काकांना मी सांगितलं की टेप फारच झिजत होती, थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून लगेच घ्यावी लागली. साडेसातवरच घेतली, असंही सांगितलं. ते खोकं मांडीवर घेऊन बसले होते. "म्हणजे वाजून झाली," एवढंच म्हणाले.

शनिवारी त्यांनी नेहमीसारखी तयारी केली. खिडक्या, पंखा, फ्रीज. मी आणलेल्या यंत्राला स्पीकर जोडले आणि बटण दाबलं. काका डोळे मिटून बसले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. पुढे वाकले. एक हात कानामागे नेला, मग दुसरा. मी जमिनीकडे बघत होतो.

"श्वास आला का रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "आला."

"आणि नखी?"

"स्पष्ट येतीय."

ते हळूहळू मागे टेकले. गाणं चालूच होतं. "मग माझे कान गेले," ते म्हणाले. "वयच झालं. बंद कर ते."

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्यांनी मला काही रागावून विचारलं असतं तर कबूल झालो असतो, पण ते स्वतःवरच ठपका ठेवून मोकळे झाले. चार दिवसांनी मशीनवर काकूंनी विणलेलं पांघरूण घातलं गेलं. बाकीच्या टेपा काकांनी कुणा ओळखीच्याला देऊन टाकल्या, मला न विचारता. मी विचारलं तर म्हणाले, "बहिऱ्याच्या घरात त्या काय करायच्या?"

मग काकूंचा फोन आला. त्यांनी खालच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून काकांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. "डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. हे म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय, तो नुसत्या शिट्ट्या ऐकवतो. सरोद ऐकू येतं का ते तपासतो का तो? आमच्या कानांना स्पष्ट आलं, मला नाही आलं, विषय संपला. दिवसभर नुसते बसून असतात रे. तू जरा समजाव."

त्या दिवशी मी ठरवून गेलो. त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. दुप्पट वेगानं घेतली, मी खाली चहा पीत होतो, हेडला भुकटी लागली, श्वास नाही, नखी नाही, मला त्याच दिवशी कळलं होतं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते चक्क हसले.

"हिनं पढवून पाठवलंय ना तुला?"

"नाही हो काका. खरं सांगतोय."

"घाण आवाज येतोय आणि तू 'स्पष्ट' म्हणालास? तू? इतक्या वर्षांत परीक्षेत एकदाही चुकला नाहीस. माझ्या समाधानासाठी स्वतःच्या कानांना बट्टा लावून घेऊ नकोस. मला नाही आवडणार."

काकू स्वयंपाकघराच्या दारातच होत्या. आणखी एक गोष्ट सांगितली असती तर काकांचा विश्वास बसला असता. पण ती एकट्या माझी नव्हती. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्या वयात त्यांच्या संसारात ते उघडं करण्याची माझी छाती झाली नाही, आणि त्यांचीही झाली नाही.

"येतो काका," म्हणून मी उठलो.

बाहेर येऊन दार ओढून घेतलं. खालच्या दवाखान्यात कुणाचं तरी मूल इंजेक्शनच्या भीतीनं भोकाड पसरून रडत होतं. चपलेत पाय घालताना मी ओठांतल्या ओठांत पुटपुटलो, "चुकलो हो काका." माझं मलाही नीट ऐकू आलं नसेल.

बंद दाराआडून त्यांचा आवाज आला, "काय चुकलं रे?"

मी तसाच उभा राहिलो. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं की काका, हे तुम्हाला तिथून ऐकू आलं. दार लोटायचा अवकाश होता. त्यानंतर दोन वर्षं ते होते आणि त्या दोन वर्षांत त्यांनी एक सूर ऐकला नाही. मी दार लोटलं नाही. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा मी जिन्यातून मोठ्यानं ओरडलो, "काही नाही काका, चपला उलट्या घातल्या!"